‘कितीतल्या किती?’ विचारणाऱ्या हौसाबाई

हौसाबाईंनी मला पहिल्या भेटीतच दवाखान्यातून हाकललं. मी फक्त एक आकडा मागितला होता.

बहात्तरचा दुष्काळ होता. मी कॉलेज अर्धवट सोडून मजुरांच्या संघटनेत आले होते आणि पत्रकं लिहिणं हे माझं काम होतं. पत्रक कसं लिहायचं ते आम्हाला पक्कं शिकवलेलं होतं. पहिल्या ओळीत आकडा, दुसऱ्या ओळीत गुन्हेगार, तिसऱ्या ओळीत मोर्चाची वेळ. या खेपेला गुन्हेगार तयार होता: रेशनवर मिळणारी लाल मिलो, अमेरिकेहून आलेली ज्वारी. उस्मानाबाद जिल्ह्यात येरमाळ्याच्या अलीकडं पाझर तलावाचं काम चालू होतं. तिथल्या बाया सांगत होत्या की मिलोच्या भाकरीनं पोटात लेकराऐवजी अंगूर धरतात. एका बाईचं पोट तसं गेलं होतं. माझं रक्त उकळलं. जनावरं तोंड लावत नाहीत ते धान्य आमच्या बायांना, आणि वर हे! कमी होता तो फक्त आकडा. तो घ्यायला मी आरोग्य केंद्रात गेले.

“बाई, आपल्या देशात किती बायकांना असा द्राक्षगर्भ राहतो?”

टेबलामागच्या डॉक्टरीणबाई बशीतून चहा पीत होत्या. बशी खाली न ठेवता म्हणाल्या, “कितीतल्या किती?”

“म्हणजे?”

“किती गरवार बायांतल्या किती?”

“सगळ्या देशातल्या.”

“त्या सगळ्या कुणी मोजल्यात? तू मोजल्यास?”

“सरकारनं मोजल्या असतील.”

“असतील! मग जा, सरकारकडं जा. माझ्याकडं बाहेर रांग आहे.”

आणि मी बाहेर. पायरीवर उभं राहून मी मनात त्यांना सरकारी नोकर, बघे, भांडवलदारांचे हस्तक असं काय काय म्हणून घेतलं.

तरी मी परत गेले, कारण त्या भागात दुसरी डॉक्टरीण नव्हती. हळूहळू त्यांची सवय झाली.

हौसाबाई बेंबळीच्या बाजूच्या. आईबाप दुसऱ्याच्या रानात मजुरी करायचे. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा त्या शाळेत होत्या. पुढं औरंगाबादला शिकून डॉक्टर झाल्या आणि मागून घेतल्यासारख्या याच जिल्ह्यात परत आल्या. लग्न केलं नव्हतं. त्यावर कुणी बोललं की त्या बोलणाऱ्याचीच जीभ बघायला मागायच्या. सुती लुगडं, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणि नाल्यापलीकडच्या माणसाशी बोलावं असा आवाज. चहा दिवसभर, तोही बशीतून, फुंकर न घालता. आणि येईल त्याला तोच एक प्रश्न.

“बाई, औंदा खोकल्यानं लई पोरं गेली.” “कितीतल्या किती?”

“बाई, तुमच्या गोळीनं कुणालाच गुण न्हाय.” “कितीतल्या किती?”

मी एकदा तावातावानं म्हटलं, “सगळा जिल्हा उपाशी आहे.” त्यांनी खिडकीतून समोरच्या कंत्राटदाराच्या नव्या माडीकडं बोट दाखवलं आणि तेच विचारलं. मला ती माडी पत्रकात वापरता आली, ही गोष्ट वेगळी.

द्राक्षगर्भ म्हणजे काय ते त्यांनीच मला समजावलं. गर्भ धरताना सुरुवातीलाच काहीतरी बिघडतं. लेकरू होत नाही. वारेच्या जागी पाण्यानं भरलेल्या फुग्यांचे घोस वाढत जातात. तिसऱ्या महिन्यात पोट पाचव्यासारखं दिसतं. ओकाऱ्यांनी बाई पिळून निघते, मग रक्त जाऊ लागतं. पोट साफ केलं नाही तर बाई जाते. साफ केलं तरी काम संपत नाही, कारण थोड्याजणींत मागं राहिलेलं पुन्हा वाढतं आणि त्याचा कर्करोग होतो. म्हणून वर्षभर तपासत राहायचं आणि त्या वर्षात पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत. दिवस गेले तर तपासणीत गर्भ बोलतोय की रोग, ते कळत नाही.

“हे मिलोनं होतं?” मी विचारलं.

“मिलो कोण खातं?”

“सगळेच.”

“मग सगळ्यांना का होत नाही?”

मी ती ओळ पत्रकातून काढली. मिलो जनावराच्याही लायकीची नव्हती ही ओळ ठेवली, आणि आजही तिच्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही.

आकड्याचा हट्ट मात्र मी सोडला नव्हता. एके दिवशी रांग संपल्यावर त्या जरा बऱ्या मूडमध्ये होत्या. म्हणाल्या, “पुस्तकात आकडे आहेत की. अमुक बाळंतपणांमागं एक. पण प्रत्येक पुस्तकात वेगळा. का? तर ते मोठ्या दवाखान्यातले. तू सांग, आपल्याकडं दवाखान्यात बाळंतीण कोण जाते?”

“जिचं अडतं ती.”

“आणि जिचं सरळ होतं ती?”

“घरी.”

“म्हणजे दवाखान्यात वाकडं तेवढं जमा होतं आणि सरळ सगळं घरी राहतं. त्या हिशेबानं हा रोग जास्त दिसणार. आता उलटं बघ. जिचं हे असलं काही घरीच पडतं आणि सासू रातोरात उकिरड्यात पुरून टाकते, ती कुणाच्या पुस्तकात येते? कुठंच नाही. वरचा आकडाही कच्चा, खालचाही कच्चा. अन् तुला पत्रकाच्या पहिल्या ओळीत देश पाहिजे!”

मला राग आला. पण त्यांचं म्हणणं खोडता येईना, म्हणून आणखी आला.

तलावाच्या कामावर जिचं पोट गेलं होतं ती शेवंता. विशीतली, अंगानं काडी. तिसऱ्या महिन्यातच पोट वर आलं तेव्हा सासू सोनाबाई गावभर सांगत फिरली, “जुळं हाय माझ्या सुनंला.” एके दुपारी माती वाहताना शेवंता खाली बसली ती उठलीच नाही. कामावरच्या जीपमधून हौसाबाईंनी तिला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, स्वतः मांडीवर डोकं घेऊन. ती वाचली. द्राक्षं तिनं जन्मात पाहिली नव्हती. ती म्हणायची, “बाई, भिजलेला साबुदाणा असतो का न्हाई, तसं.” पुढं उपवासालासुद्धा तिनं साबुदाणा शिवला नाही.

घरी आल्यावर खरं दुखणं सुरू झालं. सोनाबाईचं म्हणणं सरळ होतं. ह्या बाईच्या पोटात माणूस रुजत नाही. एक तर लगेच दिवस जाऊन तिनं दाखवावं, नाहीतर माकणी गावची आपली भाची भागवतला करायची आणि हिला माहेरी घालवायची. भागवत म्हणजे शेवंताचा नवरा, गावच्या दूध सोसायटीत कॅन धुवायला होता. आईपुढं त्याच्या तोंडातून शब्द निघत नसे. म्हणजे शेवंतापुढं दोनच वाटा होत्या. लगेच दिवस जाऊ दिले तर जीव धोक्यात, थांबली तर घर जाणार.

हौसाबाई तिच्या घरी गेल्या, मी सोबत होते. सोनाबाईनं मला घरातल्या कपात चहा दिला आणि बाईंना कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. बाईंनी कपाकडं पाहिलं. “मी चहा घेत नाही,” म्हणाल्या. दिवसाला वीस बशा पिणारी बाई! मी तोंड उघडणार तोच त्यांचा कॅनव्हासचा बूट माझ्या पायावर पडला.

“एक वर्ष थांबा, मावशी,” त्या म्हणाल्या. “पुढं लेकरू होईल. बहुतेकींना होतं.”

“आसं आनिक कुणाला झालंय व्हय?” सोनाबाईनं विचारलं. “म्या तर ऐकलं न्हाय. किती जणींस्नी होतंय आसं? खरं सांगा.”

मी डोळ्यांनी खुणा करत होते. सांगा हजारोंना होतं, सांगा लाखोंना!

हौसाबाई म्हणाल्या, “मला माहीत नाही.”

“बघा!” सोनाबाई दाराकडं वळून म्हणाली, म्हणजे शेजारीपाजारी ऐकतील. “डाक्तरणीला बी ठावं न्हाय! म्हंजी हिलाच झालंय!”

परतताना मी रस्ताभर भांडले. “एक आकडा फेकला असता तर त्या पोरीचं घर वाचलं असतं!”

“फेकलेला आकडा उद्या तीच म्हातारी उचलणार. म्हणणार, लाखो म्हणालात ना, मग आमच्या गावातली दुसरी दाखवा. मग काय करू?”

“मग खरं सांगून काय झालं?”

त्या मला मागं टाकून झपाझप पुढं निघाल्या.

तपासणी मात्र त्यांनी थांबवली नाही. त्यासाठी लागत होते बेडूक. हे वाचून हसू येईल, पण तेव्हा आमच्याकडं पद्धत ती होती. बाईची सकाळची लघवी सुईनं नर बेडकाच्या कातडीखाली सोडायची. काही तासांनी त्याच्या अंगातून निघालेला थेंब सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघायचा. त्यात बेडकाचं बीज वळवळताना दिसलं, तर बाईच्या अंगात गर्भाचा नाहीतर त्या रोगाचा अंश आहे. काही दिसलं नाही तर मोकळी. हिवतापाच्या रक्ताच्या काचा बघायची दुर्बीण केंद्रात होती. बेडूक नव्हते. विहिरी तळाला गेल्या होत्या, बेडूक कुठून येणार?

सगळ्या टापूत एकच ओली जागा होती. दूध सोसायटीत टँकरच्या पाण्यानं कॅन धुवायचे, त्या मोरीची फरशी. हौसाबाई पत्र्याचा डबा घेऊन तिथं हजर झाल्या. चेअरमन धोतराचा सोगा सावरत बाहेर आले.

“बाई, बेडकं न्यायला आलात? ही सोसायटीच्या जागंतली हाईत. ठराव करावा लागंल.”

“करा. सूचक मी.”

“तुमी सभासद न्हाईत.”

“मग बेडकांना सभासद करा. ते रोज हजर असतात. तुमच्या मीटिंगला किती येतात? कितीतल्या किती?”

कॅन धुणारा भागवतसुद्धा हसला. चेअरमननी हात जोडले. बाईंनी फरशी उचलायला लावली आणि एकेक बेडूक त्याच्या काखेत दोन बोटांनी धरून बघू लागल्या. काही ओरडायचे, काही गप्प राहायचे.

“ओरडतो तो नर,” त्या म्हणाल्या. “घराघरात तेच.”

पहिल्या तपासणीत बीज दिसलं. पोट साफ होऊन थोडेच दिवस झाले होते, म्हणून ते अपेक्षितच होतं, पण शेवंताचा चेहरा पांढरा पडला. नंतरच्या तपासण्यांत कमी होत गेलं. लघवीची बाटली भागवत सायकलवर दुधाच्या कॅनला बांधून आणायचा. आईला म्हणायचा, “डाक्तरीणबाईकडचा काढा आणतो.” बेडूक दोनचार दिवस डब्यात विश्रांती घेऊन परत मोरीत जायचे. चेअरमन विचारायचे, “सभासद आले का?”

पण घरात सोनाबाईचा धोशा चालूच होता. माकणीला निरोप गेला होता. तेव्हा हौसाबाईंनी जे केलं, त्यानं मी त्यांच्याशी बोलणं टाकायच्या बेताला आले. त्यांनी शेवंताची ओटी भरायचं ठरवलं.

“बाई, तुम्ही? ओटी? अंधश्रद्धेविरुद्ध लढायचं सोडून?”

“मला लढायचं नाही. मला तिला वर्षभर त्या घरात ठेवायचंय. तू पत्रक काढ, मी ओटी भरते.”

आमच्याकडं चाल अशी की पोट असं वाईट गेलेल्या बाईची ओटी कुणी भरत नाही, आणि तसल्या बाईला दुसरीची ओटी भरायला तर बोलावतच नाहीत. हौसाबाईंनी आधीच्या नेमणुकांतल्या, हाच आजार होऊन गेलेल्या बायांना गाठलं. दोघी येईनात. एकीच्या नवऱ्याला अजून ठाऊक नव्हतं. बाईंनी त्यांना पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांची गावं मलाही सांगितली नाहीत. बेंबळीची रुक्मिणबाई मात्र कडेवर पोर घेऊन आपणहून आली.

सोनाबाईला “दवाखान्याकडून ओटी हाय” एवढंच कळलं होतं. सरकारी पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही म्हणून तिनं गल्लीतल्या बाया बोलावल्या. पहिला मान नेहमीप्रमाणं सरूआत्याचा. गावातली कुठलीही ओटी सरूआत्याच्या हाताशिवाय सुरू होत नसे, कारण तिचे पाच लेक जितेजागते होते. शेवंता पाटावर खाली मान घालून बसली होती. मला बाईंनी कोपऱ्यात बसवून बजावलं होतं, “तू तोंड उघडलंस तर तुझीच ओटी भरून सासरी पाठवीन.”

रुक्मिणबाईनं पोर खाली ठेवलं, हातात नारळ घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, “मला बी आसंच झालतं. पोटातनं नुसतं पानीच पानी, फुगं पडलं. घरची म्हनली, हिला भूत लागलंय. बाईंनी वर्षभर थांबवलं. हे बघा माझं भूत.” आणि तिनं पोराच्या पाठीत हलकेच धपाटा घातला. पोर खिदळलं.

कुणी हसलं नाही. सोनाबाई उठून उभी राहिली. “भाईरची बाई. तिच्या गावाचं काय बी आसंल. आमच्या गावात ह्या आधी—”

“सोने, बस खाली.”

सरूआत्या बोलली होती. तिच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट तसंच होतं.

“मला बी झालतं. पहिल्या खेपंला.”

“आत्या!”

“माझ्या सासूनं मागल्या अंगाला पुरलं आन मला म्हनली, ह्याचा उच्चार केलास तर माहेरी जाशील. आजवर न्हाय केला. पोराच्या बापाला बी ठावं न्हाय.” मग तिनं कुंकू शेवंताच्या कपाळावर लावलं, जरा जास्तच दाबून. “आता करते. माहेरात कोन उरलंय, मला घालवत्याल कुठं?”

सोनाबाई खाली बसली. तिनं विचारलं, “मग तुमी थांबला हुता का वरीस, आत्या?”

“थांबायला कोन देतंय! वाचले.”

“सगळ्याच वाचत नाहीत,” हौसाबाई म्हणाल्या. आणि मग मला वाटलं आता त्या काहीतरी मोठं बोलतील, निदान जिंकल्यासारखं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. “पण एक सांगते. इथं बोलावूनच आणलेल्या बाया बसल्यात. यावरून देशाचं काही सांगता येत नाही.”

“बाई, आता तरी गप्प बसा!” मी ओरडले. मग मात्र सगळी खोली हसली, पाटावरची शेवंतासुद्धा.

सोनाबाईनं वर्ष कबूल केलं. “एक वरीस. त्याच्या वर दिस न्हाय.” माकणीच्या भाचीचं लग्न दुसरीकडं जमलं. निघताना हौसाबाईंनी भागवतला बाजूला घेऊन काय सांगितलं ते मी ऐकलं आहे, पण इथं लिहिणार नाही. तो कानापर्यंत लाल झाला होता. सोनाबाईनं बाईंना चहा आणला. कप या खेपेला कोनाड्यातला नव्हता. बाई म्हणाल्या, “आज नको. काम संपल्यावर.”

काम संपायच्या आधीच त्यांची बदली झाली, बीडकडं. आम्ही निवेदन दिलं, धरणं धरलं, उपयोग झाला नाही. पण शेवटच्या तपासणीला त्या रजा टाकून आल्या. आता पाऊस झाला होता आणि बेडूक कुठंही मिळत होते, तरी त्यांनी सोसायटीतलाच आणवला. दुपारभर दुर्बिणीला डोळा लावून बसल्या. थेंब बघितला, पुन्हा दुसरा थेंब घेऊन बघितला. मग डोळा चोळत म्हणाल्या, “काही नाही. मोकळी.” शेवंता भिंतीला टेकून रडली. सोनाबाई तिला म्हणाली, “आता कशाला रडतीस, बये,” आणि स्वतःच पदर तोंडाला लावला.

आता मी सभांना जाते तेव्हा मोठमोठे लोक व्यासपीठावरून देशाचे आकडे सांगतात. कुठल्या रोगानं किती, कुठल्या कारणानं किती. मी मागून उठून विचारते, “कितीतल्या किती? सरूआत्या त्यात धरली का?” ते एकमेकांकडं बघतात. मला खाली बसवतात. मी बसत नाही.

हौसाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या शेवटच्या तपासणीच्याच संध्याकाळी, येरमाळ्याच्या स्टँडवर. त्यांची बीडची गाडी लागली होती. त्या चढून खिडकीशी बसल्या होत्या, मी उस्मानाबादच्या गाडीची वाट बघत होते. सोनाबाई धापा टाकत आली आणि खिडकीचे गज धरले.

“बाई, येक इचारायचं ऱ्हायलं. माझी भाची, माकनीची. तिसरा म्हैना लागलाय पर पोट लई वर आलंय. ओकाऱ्या बी थांबंनात. घरची म्हनत्यात जुळं हाय.” तिनं इकडंतिकडं बघितलं. “म्या बी तसंच म्हनले हुते की, बाई.”

“जुळं असेलही.”

“व्हय, आसंल बी. पर बघावं म्हनते म्या.”

कंडक्टरनं घंटी मारली होती. हौसाबाईंनी ती दुसऱ्यांदा मारायच्या आत दार उघडायला लावलं आणि पिशवी घेऊन खाली उतरल्या. कंडक्टर काहीतरी बोलला. बीडची गाडी निघून गेली.

मी म्हटलं, “बाई, उद्या तुमची ड्यूटी!”

“तू निवेदन दे,” त्या म्हणाल्या.

माझी गाडी आली, पण ती खच्चून भरलेली होती. मला कसंबसं पायरीवर उभं राहता आलं. भाचीकडं जायला त्या दोघींनाही तीच गाडी होती, पण त्यांना जागा नव्हती. सोनाबाई टपरीवरून चहा घेऊन आली. गाडी हलली तेव्हा मी वळून पाहिलं. दोघी बाकावर शेजारी बसून बशीतून चहा पीत पुढच्या गाडीची वाट बघत होत्या. हौसाबाईंनी बूट काढून ठेवले होते.